आदराची वजाबाकी

शिवथळच्या माध्यमिक विद्यालयात भीती उरलेली नाही, असं शिक्षण खात्यानं लेखी कळवलं होतं. ते प्रशस्तिपत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकट करून लावलं होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याच खोलीच्या वरून, दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यावरून, आठवीतला आदेश भोकरे खाली पडला. मांडीचं हाड मोडलं. खाली कर्दळीचा वाफा होता म्हणून जीव वाचला.

त्या सज्ज्यावर जायला वाट नाही. जिन्याच्या खिडकीतून पाय बाहेर टाकायचा, भिंतीला पाठ लावून सरकत जायचं आणि कोपऱ्यात अंग चोरून बसायचं, एवढंच तिथं करता येतं. खेळण्यासारखं काही नाही. मग पोरगं तिथं गेलं कशाला, असं संस्थेचे अध्यक्ष जिरगेसाहेब यांनी पुण्याला फोन करून शाल्मली कोरेला विचारलं. विचारलं म्हणजे जाबच मागितला, कारण ही शाळा तिनंच सुरक्षित करून दिली होती.

शाल्मली वास्तुविशारद होती, पण नवं काही बांधत नसे. उभ्या शाळांतले धोके काढणं हे तिचं काम. या विद्येचं सूत्र सोपं आहे. वाईट कृत्याला माणूस लागतो तसा आडोसाही लागतो. माणूस बदलणं अवघड असतं, आडोसा काढता येतो. म्हणून स्वच्छतागृहामागची बोळ बुजवायची, सायकल स्टँड वर्गांच्या खिडक्यांसमोर आणायचा, अंधाऱ्या जिन्याला उजेड द्यायचा. चार लोकांची नजर सहज पडते तिथं कुणी कुणाला कोपऱ्यात गाठत नाही. यात नवं काहीच नव्हतं. अडचण एवढीच होती, की धोक्याची जागा नेमकी कोणती ते मोठ्यांना कळत नसे आणि मुलं सांगत नसत.

ती अडचण फरशीनं सोडवली. फरशीखाली दाब ओळखणाऱ्या तंतूंची एक पातळ चटई अंथरायची. कोणतं पाऊल कुठं पडलं, किती दाबून, किती घाईनं, हे ती टिपून ठेवते. कॅमेरा नाही, चेहरा नाही, मुलाचं नाव नाही, त्यामुळे पालकांनीही हरकत घेतली नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेला असं दिसलं होतं, की भ्यालेल्या माणसाची चाल ठरावीक तऱ्हेनं बदलते. नकोशी जागा यायच्या आधीच पावलं आखूड होतात, वाट किंचित बाहेर झुकते आणि जागा मागं पडली की चाल वाढते. चालणाऱ्याला स्वतःला हे कळतही नाही. एकट्याच्या चालीवरून काही ठरवता येत नाही, पण शाळाभरची मुलं रोज एकाच कोपऱ्याला वळसा घालू लागली, तर वाहत्या ओढ्याच्या पाण्यावरून तळातला दगड ओळखावा तशी तिथली भीती ओळखता येते. नकाशावर ती तांबडी उमटते. मग सुट्टीत यायचं, उसाच्या चिपाडापासून केलेल्या हलक्या सरकत्या भिंती हलवायच्या, नव्या खिडक्या पाडायच्या, दिवे वाढवायचे, आणि तांबडं जाईपर्यंत हे करत राहायचं.

पहिल्या चाचणीत मात्र फजिती झाली होती. प्रत्येक शाळेचा नकाशा गोवर उठल्यासारखा दिसू लागला. मुलं प्रत्येक शिक्षकाला वळसा घालत होती. प्रयोगशाळेतली मंडळी चक्रावली, शाल्मलीला हसू आलं. ती म्हणाली, ही भीती नव्हे, ही आपल्याकडची रीत आहे. सर समोरून आले की मूल भिंतीला लागतं, मान खाली घालतं, ते पुढं जाईपर्यंत थांबतं. आपण सगळे असेच वाढलो. शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून फरशीला शिक्षक कोण ते कळतच होतं, तेव्हा शिक्षकांभोवतीची वळणं हिशेबातून काढून टाका, असं तिनं सुचवलं. तसं केल्यावर नकाशे निवळले. त्या दुरुस्तीला सगळे ‘आदराची वजाबाकी’ म्हणू लागले. शाल्मलीचं कौतुक झालं आणि राज्यातल्या प्रत्येक शाळेत ती वजाबाकी बसवली गेली. एवढ्या शहाण्या माणसांत कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

शिवथळ तिचं गाव. शाळेचे पर्यवेक्षक विश्वनाथ कोरे हे तिचे वडील, तिचे अप्पा. सगळं गाव त्यांना कोरे सर म्हणे आणि त्यांच्या धाकाचे गोडवे गाई. वांड पोराला त्यांच्या हवाली केलं की सहा महिन्यांत सरळ होतं, असा लौकिक होता. शाल्मली चौथीत असताना तिची आई गेली. त्यानंतर तिच्या वेण्या घालण्यापासून डब्यातल्या पोळ्यांपर्यंत सगळं अप्पांनी केलं. दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिला ते ऋण वाटायचं आणि त्याचा जाच कधी वाटला नव्हता.

शाळा सुधारताना दुसऱ्या मजल्यावर, दोन व्हरांडे जिथं मिळतात त्या कोपऱ्यात, तिनं एक केबिन बांधली. खाली कमरेएवढी भिंत आणि वर चहूबाजूंनी काच. तिथं बसणाऱ्याला दोन्ही व्हरांडे, जिना आणि अंगण दिसावं असा हिशेब होता. तक्रारपेटी केबिनच्या बरोबर समोर लावली, म्हणजे कुणी तिची मोडतोड करायला नको. पेटीची मोडतोड झाली नाही. तिच्यात आजवर एक चिठ्ठीसुद्धा पडली नाही. नजर ठेवायला सर्वांत जबाबदार माणूस म्हणून केबिनमध्ये कोरे सर बसू लागले.

मंगळवारी शाल्मली आली तेव्हा अप्पा स्टँडवर घ्यायला आले होते. ते खचलेले दिसत होते. दवाखान्यात जाऊन आलो, म्हणाले. आदेशनं भिंतीकडे तोंड फिरवलं, फार दुखत असेल बिचाऱ्याला. वाटेत त्यांनी खिडक्यांना जाळ्या बसवायचा विषय काढला. जिरगेसाहेबांचंही तेच मत होतं. गुरुवारी संस्थेची बैठक होती, तीत शाल्मलीनं अहवाल मांडायचा, जाळ्या मंजूर करायच्या आणि विषय मिटवायचा. अप्पांची निवृत्ती जवळ आली होती. गावानं सत्काराची तयारी चालवली होती.

तिनं नकाशा उघडला. तो स्वच्छ होता. पण जिथं भीती नाही तिथलं मूल लपायला सज्ज्यावर का जाईल, याचं उत्तर त्यात नव्हतं. म्हणून बुधवारी सकाळी ती दवाखान्यात गेली.

आदेशची आई रेखा भोकरे एसटीत कंडक्टर होती. रजा टाकून ती पोराच्या उशाशी बसली होती. शाल्मलीला तिनं स्टूल दिलं, पण तिच्या बोलण्यात गोडी नव्हती.

“सोमवारपास्नं गप हाय. रडत बी न्हाई. कोरे सरांच्या तुमी लेक, म्हणून आत येऊ दिलं. सरांनी लई जीव लावलाय त्याला. रोज केबिनमधी बोलावून समजवायचे.”

शाल्मलीनं आदेशला मोडलेल्या हाडाचं विचारलं, जेवणाचं विचारलं. तो मान हलवून उत्तरं देत होता. आईनं दिलेला चमचा त्यानं बोटांत धरला नाही, मुठीत धरला. सज्ज्यावर काय होतं, असंही तिनं विचारलं. आई पाणी आणायला गेली तसा तो म्हणाला,

“तिथनं केबिन दिसत न्हाई.”

“केबिनमधून तू दिसत नाहीस, म्हणून?”

“न्हाई. मला केबिन दिसत न्हाई.”

त्यानं तिच्या मांडीवरच्या वहीतली पेन्सिल उचलली, डाव्या हाताच्या दोन बोटांमध्ये घातली आणि उजव्या हातानं ती बोटं नुसती मुठीत धरली. दाबली नाहीत. मग पेन्सिल होती तिथं ठेवून दिली.

शाल्मलीला विचारायचं काही राहिलं नाही. पाढा चुकला की पेन्सिल बोटांत, आणि वरून अप्पांची मूठ. त्यानं वळ उठत नाही, आवाज होत नाही. अप्पा तेव्हा रागावलेले नसत, अगदी हळू आवाजात समजावत असत. तिला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. पुढं तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते काही आहे असंच तिच्या मनात आलं नव्हतं. आता दवाखान्याच्या त्या स्टुलावर तिची बोटं दुखू लागली आणि तिला अप्पांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच आला, म्हणून तिला त्याची भीती वाटली.

काच कमरेच्या वर होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की कोरे सर पुढं झुकून एका मुलाशी मायेनं बोलतायत. हात टेबलाखाली, अर्ध्या भिंतीच्या आड असायचे. ती अर्धी भिंत तिनंच घातली होती, फायली ठेवायला जागा हवी म्हणून. आणि शाळेतले सगळे आडोसे तिनं काढून टाकले होते, तेव्हा मुलांना पळायला उरली होती ती फक्त फरशी नसलेली जागा, तो सज्जा.

दुपारी शाळेत येऊन तिनं वजाबाकी काढली. करायचं फार नव्हतं, एक खूण पुसायची. नकाशा हळूहळू भरत गेला. तिनं आधी स्वतःची समजूत घातली, की सगळ्याच शिक्षकांभोवती थोडं तांबडं येणार. तसं आलंही. भूगोलाचे सर कडक म्हणून प्रसिद्ध, मुलं त्यांच्यापासून हातभर लांबून जात होती आणि चार पावलांवर पुन्हा पहिल्यासारखी चालत होती. चित्रकलेच्या बाईंकडे तर मुलं उलटी खेचली जात होती. रीत म्हणतात ती ही, आणि ती फरशीला वेगळी ओळखता येत होती. वजा करायची गरजच नव्हती, नीट मोजायची होती.

पर्यवेक्षकांभोवतीचं चित्र निराळं होतं. ते व्हरांड्याच्या टोकाला दिसले की अर्ध्या व्हरांड्यातली पावलं आखडत होती. मुलं आपला नसलेला वर्ग असेल तरी त्यात शिरत होती. ते चालत तसं ते तांबडं त्यांच्याबरोबर शाळाभर फिरत होतं आणि ते केबिनमध्ये बसले की केबिनभोवती साचत होतं. केबिन झाल्यापासून सत्रागणिक ते वाढत गेलेलं होतं. आदेशसारखे किती असतील ते नकाशा सांगत नव्हता. ते मुलांनाच विचारावं लागणार होतं.

त्यात एक रेषा मुलांची नव्हती. पाऊल मोठ्या माणसाचं, ओळखपत्र पाहुण्याचं. काल दुपारी ही व्यक्ती जिना चढून केबिनकडे गेली होती. मधल्या वर्गापासून तिची पावलं आखूड झाली होती, वाट भिंतीकडे सरकली होती, आणि परत जाताना ती जवळजवळ धावली होती. अप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या, त्या द्यायला शाल्मली गेली होती. आपण हसत गेलो आणि हसत परत आलो, एवढंच तिला आठवत होतं.

शाळा सुटल्यावर ती केबिनमध्ये गेली आणि मुलं बसतात त्या खुर्चीत बसली. अप्पांनी चहा मागवतो म्हटलं. ती नको म्हणाली आणि नकाशा त्यांच्यासमोर ठेवला. आदेशनं काय दाखवलं तेही सांगितलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. शांतपणे, वर्गात समजावतात तसं, त्यांनी समजावलं. आपण कधी छडी उगारली नाही, कुणाला शिवी दिली नाही. आपल्या हाताखालून गेलेली मुलं आज डॉक्टर झाली, तहसीलदार झाली, आणि अजून येऊन पाया पडतात. आईबापांना वेळ नाही आणि पोरांना कुणाचं भय नाही, मग शिस्त लावायची कुणी? पेन्सिलीनं कुणाचं हाड मोडत नाही. त्यांनी नकाशावरून बोट फिरवलं.

“याला तू भीती म्हणतेस. मी याला मान म्हणतो. तूच नाही का शोधून काढलंस ते?”

“मी चुकले, अप्पा. मान देणारं मूल पुढं गेल्यावर पळत सुटत नाही.”

“उद्या हे मांडलंस तर काय होईल, ठाऊक आहे ना? नुसती नोकरी जाणार नाही. पोलिसांत जाईल ते.”

“ठाऊक आहे.”

“आणि जाळ्या बसवल्या तर?”

“तर पोरं दुसरी जागा शोधतील. यापेक्षा उंच.”

ते काचेतून बाहेर बघत राहिले. व्हरांडा मोकळा होता. मग त्यांची नजर पुन्हा नकाशावर आली आणि त्या एका रेषेवर थांबली. हे कोण, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. वेळ सांगितली, गोळ्यांचं सांगितलं.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिच्या डोक्यावर ठेवायला म्हणून त्यांनी हात पुढं केला, आणि शाल्मलीची मान मागं गेली. तिनं ठरवून केलं नव्हतं. हात टेबलावरच्या हवेत थोडा थांबला आणि खाली आला. तिला रडू फुटलं. तिचं या माणसावर प्रेम होतं, ते कमी झालं नव्हतं, आणि तरीही तिला त्यांच्यापासून लांब व्हायचं होतं.

ते बोलले तेव्हा आवाज पर्यवेक्षकांचा नव्हता.

“अहवाल दे. तुला योग्य वाटतो तोच दे, मी अडवत नाही. फक्त ही तुझी रेषा त्यातून काढून टाक. बाकी सगळं राहू दे, शालू. ही एवढी काढ.”

त्या रेषेवाचून अहवालाला काही उणं येणार नव्हतं. शेकडो मुलांच्या पावलांपुढं एका पाहुणीच्या वळशाला पुरावा म्हणून किंमत नव्हती. ती काढणं म्हणजे खोटं बोलणंही नव्हे. घरी जाऊन तिनं दोघांपुरती खिचडी टाकली, दोघं जेवली, आणि मग तिनं अहवाल पुन्हा उघडला. आदराच्या नावाखाली एकदा तिनं काही वजा केलं होतं. आता प्रेमाच्या नावाखाली करायचं, एवढाच फरक झाला असता. तिनं रेषा ठेवली आणि अप्पांना तसं सांगितलं.

गुरुवारी बैठकीला सगळे वेळेवर आले. पर्यवेक्षक म्हणून कोरे सर नेहमीच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पालकांच्या वतीनं रेखा भोकरेला बोलावलं होतं, ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. जिरगेसाहेबांनी जाळ्यांचा प्रस्ताव आधीच टाईप करून आणला होता.

शाल्मलीनं जाळ्यांचा विषय काढलाच नाही. वजाबाकी काय होती, ती कुणी सुचवली, तिच्यामुळे काय झाकलं गेलं, ते तिनं सरळ सांगितलं. मग भिंतीवर नकाशा लावला. एका शिक्षकाभोवती हे सगळं गोळा झालंय, ते कोण हे ओळखपत्राच्या आकड्यावरून कळतं, असं सांगून तिनं नाव घेतलं. आदेशनं दाखवलेली पेन्सिल सांगितली. मुलांशी बोलायला शाळेबाहेरचं माणूस बोलवा, ते होईपर्यंत पर्यवेक्षकांना शाळेपासून दूर ठेवा आणि आजच पोलिसांत कळवा, कायद्यानं ते कळवावंच लागतं, असं ती म्हणाली. रेखा भोकरे उठून उभी राहिली होती. ती कोरे सरांकडे बघत होती. पोराला रोज सरांकडे जा, असं तीच म्हणत आली होती.

जिरगेसाहेबांची कुचंबणा झाली. बाप समोर बसलेला, लेक उभी. विषय कुठं तरी पातळ करावा म्हणून त्यांनी नकाशावर खुसपट काढायला सुरुवात केली. मुलं काय, उगाचही पळतात. मग त्यांचं लक्ष त्या निराळ्या रेषेकडे गेलं आणि त्यांना जोर आला.

“हे बघा, इथं मोठं माणूस पण तसंच चाललंय. पाहुणा म्हणून लिहिलंय. आता एखाद्या पाहुण्याला कोरे सरांची कसली भीती असणार? यंत्रच चुकतंय, दुसरं काय. कोण होता हा पाहुणा?”

शाल्मलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी कोरे सर उठले. त्यांनी टेबलाच्या कडेचा आधार घेतला होता.

“यंत्र चुकत नाही, जिरगेसाहेब,” ते म्हणाले. “ती माझी मुलगी आहे. लहानपणापासून ती माझ्याजवळून अशीच जाते. मला ते दिसायचं, आणि दिसलं की बरं वाटायचं.”